आजचं चिंतन: तोच का हा?



आजचं वाचन गीतेच्या 11व्या अध्यायातलं, श्लोक 45 आणि 46. विश्वरूप बघायचा हट्ट अर्जुनाचाच. भगवंतांनी ते दाखवलं आणि याची गाळण उडाली. आता तो हात जोडून विनवतो, की मला आपलं ते ओळखीचं रूपच दाखवा, मुकुट-गदा-चक्र असलेलं. रूप पालटलेलं ज्याला सोसत नाही, त्याची भक्ती कच्ची म्हणायची का?

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यामुळे हा प्रश्न मला जास्तच छळतो. त्याला 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका जीव की प्राण. 1963 साली ती सुरू झाली. पहिला नट विल्यम हार्टनेल तब्येतीनं थकला, तेव्हा 1966 मध्ये मालिकावाल्यांनी युक्ती काढली: डॉक्टर परग्रहावरचा आहे, मरणाच्या दारात तो शरीर पालटतो. चेहरा नवा, स्वभावही थोडा वेगळा, पण असामी तीच. 2017 मध्ये तर जोडी व्हिटेकर ही अभिनेत्री डॉक्टर झाली. भाच्याचा लाडका डॉक्टर असा पालटला, त्या रात्री पोरगं जेवलं नाही. "मामा, हा तो नाहीच. नाव तेवढं ढापलंय."

खरं तर आपल्याला हे अवघड जायला नको. माझं गाव लोणार. तिथल्या दैत्यसूदन मंदिरात लवणासुराला मारणारा विष्णू आहे. मत्स्य, नरसिंह, राम आणि हा, सगळे एकच म्हणून आम्ही लहानपणापासून हात जोडतो. यातला खरा कोणता, असं कुणी विचारत नाही.

पण घरात तेच घडलं की सगळं ज्ञान थिटं पडतं. गेल्या वर्षी माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नातवाला धारेवर नेऊन लवणासुराची आणि उल्केची, दोन्ही गोष्टी रंगवून सांगणारे आजोबा गप्प झाले. दिवाळीत भाचा खोलीच्या दारातच उभा राहिला, आत येईना. ताई त्याच्यावर चिडली.

भगवंत मात्र अर्जुनावर चिडत नाहीत. भिऊ नकोस म्हणतात, सौम्य रूप घेतात, त्याला धीर देतात. ओळखीच्या चेहऱ्यावरची माया देवालाही चूक वाटली नाही.

अडचण पुढेच आहे. देव जुन्या रूपात परत येऊ शकतो, बाबा येऊ शकत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या अध्यायातला 13वा श्लोक, देहाला बालपण, तारुण्य, म्हातारपण येणारच, असा पोराच्या तोंडावर फेकणं सोपं आहे. पण गोष्टी सांगणारा आवाज गेला, हे नुकसान खरंच झालंय. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तोही काही भास नव्हता. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला. बदल खरा होता, तरी गावानं सरोवराचं नाव बदललं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग ओळखायचं कशावरून? मालिकेतले डॉक्टरचे सोबती नवा चेहरा लगेच मान्य करत नाहीत. संकटातल्या माणसासाठी हा थांबतो का, ते बघतात. भाच्याचंही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी बाबांनी डाव्या हातानं आपल्या ताटातली करंजी त्याच्याकडे सरकवली, दर दिवाळीसारखी. तो शेजारी जाऊन बसला. बोलला काहीच नाही.

आधीच्या आजोबांवर त्यानं एवढा जीव लावला नसता, तर ती करंजी त्याला ओळखूच आली नसती. रूपावरची माया आपल्याला माणसाची खूण शिकवते. रूप गेलं की तीच खूण कामी येते.

आजचा नेम: तुमच्या घरातही आजारानं, वयानं किंवा दुःखानं कुणी बदललं असेल. आज मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्यापाशी दहा मिनिटं बसा. पहिलं रूप आठवून रडू आलं तर येऊ द्या. मग खूण शोधा.

उद्या पुढचे श्लोक. रामकृष्णहरी.