साहाय्यास पात्र कोण?

परीक्षांचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की मध्यमवर्गीय घरांतून 'पात्रता' हा शब्द वरचेवर कानी पडू लागतो. कोणत्या शिष्यवृत्तीस मुलगा पात्र आहे, कोणत्या सवलतीस मुलगी पात्र ठरेल, उत्पन्नाची मर्यादा किती आणि दाखला कोठून आणावयाचा, याची चर्चा गिरगावातील चाळीच्या गॅलरीत जशी चालते, तशीच ती दादरच्या सदनिकेतही चालते. या चर्चेत शब्द एक असला तरी अर्थ दोन असतात. नियमांच्या चौकटीत जो बसतो तो पात्र, हा एक अर्थ. आणि ज्यास साहाय्य मिळणे न्याय्य आहे तो पात्र, हा दुसरा. पहिला अर्थ कचेरीचा आहे, दुसरा धर्माचा. हे दोन्ही जेथे जुळतात तेथे विचारास जागा उरत नाही. परंतु ते पुष्कळदा जुळत नाहीत, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ अर्जदारांचा न राहता नीतीचा होतो.

दान देताना पात्रापात्रविचार करावा, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा उल्लेख केलेला आहे. आपण मात्र या तिहींपैकी 'पात्र' तेवढे उचलले आणि उरलेली दोन विसरलो, असे म्हणावयास हरकत नाही. ते कसे, हे पुढे पाहू. प्रथम पात्राचाच विचार करू.

साहाय्यावर हक्क सांगणारे दोन वादी प्राचीन काळापासून एकमेकांसमोर उभे आहेत. एकाचे नाव गुण, दुसऱ्याचे गरज. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले येऊन चिंतामणराव देशमुखांनी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मिळविली. त्यांचे वडील वकील होते. देणाऱ्यांनी मुलाच्या घरची मिळकत विचारली नाही, आणि ती विचारण्याचे कारणही नव्हते. कारण ही शिष्यवृत्ती म्हणजे वस्तुतः विद्येचा गौरव होता. गौरव करताना गरिबीची चौकशी करणे जितके अप्रस्तुत, तितकेच साहाय्य करताना केवळ गुणांची यादी पाहणे अप्रस्तुत होय. पारितोषिक आणि साहाय्य या भिन्न वस्तूंस आपण शिष्यवृत्ती हे एकच नाव दिले, आणि अर्धा घोटाळा तेथेच झाला.

आता दुसरे उदाहरण पाहा. त्याच सुमारास परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन कॉलेजात एक विद्यार्थी शिकत होता. घरातली जागा इतकी अपुरी, की वडील मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्री जागत, आणि दोनच्या सुमारास त्यास अभ्यासासाठी उठवून मग आपण आडवे होत, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. हे विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोदे संस्थानाकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

त्या काळी गुण आजच्यासारखे सढळ हाताने मिळत नसत, हे मान्य करूनही २८२ हा आकडा विचार करावयास लावणारा आहे. आज केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी जी शिष्यवृत्ती आहे, तीस उत्पन्नाची साडेचार लाखांची मर्यादा आहेच. शिवाय बारावीच्या परीक्षेत आपल्या शाखेतील वरच्या वीस टक्क्यांत येण्याची अट आहे. म्हणजे गुण आणि गरज या दोन्ही वाद्यांस तिने एकाच दारातून आत घ्यावयाचे ठरविले आहे. हेतू चांगला आहे. पण परिणाम असा होतो, की ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचेच गुण त्या गरजेपायी कमी पडलेले असतात आणि तो दाराबाहेर राहतो. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आठ माणसांच्या संसारात मिळविलेले साठ गुण आणि स्वतंत्र अभ्यासिकेत, दोन शिकवण्या लावून मिळविलेले नव्वद गुण यांत अधिक गुणी कोण, हे गुणपत्रिका सांगू शकत नाही. केळुसकर गुरुजींना ते सांगता आले. कारण त्यांनी मुलाचे गुणपत्रक पाहण्याआधी मूल पाहिले होते.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक विद्यार्थ्यास केळुसकर कोठून मिळणार? हा आक्षेप रास्त आहे. व्यक्तीच्या पारखीवर चालणारे साहाय्य व्यक्तीच्या मर्यादेतच चालते. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत, माधुकरी मागत. त्या प्रथेत देणाऱ्यास घेणाऱ्याचा चेहरा दिसे, ही तिची गोडी. आणि घेणाऱ्यास देणाऱ्याचा चेहरा रोज पाहावा लागे, ही तिची कडू बाजू. शिवाय ती पंगत कोणासाठी मांडलेली होती हेही विसरता कामा नये. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या मुलांस कोणाच्या घरी वार मिळणार होता? मुंबईतील अनेक ज्ञातिसंस्था आजही आपापल्या मुलांस शिष्यवृत्त्या देतात. आपल्या माणसांस हात देण्यात पाप नाही. परंतु ज्यांची ज्ञातीच निर्धन, त्यांस अशा व्यवस्थेत कोणीच 'आपले' म्हणणारे उरत नाही. म्हणून सरकारी शिष्यवृत्तीस चेहरा नसतो, हा तिचा दोष मानण्यापूर्वी तो तिचा गुणही आहे, हे ओळखावयास हवे. तेथे कोणाची मर्जी राखावी लागत नाही, कोणाच्या ओसरीवर तिष्ठावे लागत नाही. जे मिळते ते हक्काने मिळते.

मात्र चेहरा नसलेल्या या व्यवस्थेस डोळेही नसतात, ही अडचण खरी आहे. तिला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे दाखला. महाराष्ट्रात पुष्कळ योजनांस वार्षिक आठ लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून जी संपूर्ण शिक्षणशुल्काची सवलत मिळू लागली, तीही याच मर्यादेत. रेषा कोठे तरी ओढावीच लागते, हे उघड आहे. परंतु रेषेच्या अलीकडचा गरीब आणि पलीकडचा श्रीमंत, असे मानणे म्हणजे सोयीसाठी ठोकलेल्या खुंटीस सत्य समजणे होय. पगारदाराचा पैसा न् पैसा कागदावर असतो. रोखीने धंदा करणाऱ्याचा तितकाच कागदावर येतो, जितका तो येऊ देतो. एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांत प्रामाणिक कारकुनाची मुलगी अपात्र ठरावी आणि शेजारच्या सधन दुकानदाराचा मुलगा पात्र ठरावा, असे घडते तेव्हा राज्याचे केवळ चार पैसे चुकीच्या हाती जात नाहीत. प्रामाणिकपणा हा तोट्याचा व्यवहार आहे, हा धडा दोन कोवळ्या मनांना एकाच वेळी मिळतो. शिक्षणाच्या उंबरठ्यावरच हा धडा मिळाला, तर पुढे शिकविण्यासारखे उरते काय?

आता काळाकडे वळू. दाखला सरलेल्या वर्षाचे उत्पन्न सांगतो. गरज मात्र चालू वर्षाची असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि परळ-लालबागच्या हजारो घरांतील नियमित पगार त्या दिवसापासून थांबला. त्या घरांतील महाविद्यालयीन मुलांच्या बापाची आदल्या वर्षाची मिळकत विचारली असती, तर कागद म्हणाला असता, की घर सुस्थितीत आहे. चूल वेगळेच सांगत होती. आजही नोकरी सुटणे, कर्त्या माणसाचे आजारपण, अकाली मृत्यू, यांपैकी काहीही मार्चनंतर घडले, तर कागद वर्षभर खोटे बोलत राहतो आणि कोणी खोटे बोलले असे म्हणताही येत नाही. बरे, पात्रता ठरल्यावर तरी रक्कम वेळेवर यावी! वर्ष उलटल्यावर पैसे खात्यात पडले, असे सांगणारे विद्यार्थी थोडे नाहीत. मधल्या काळात वडिलांनी काढलेले कर्ज, आईची मोडलेली बांगडी, किंवा सोडून दिलेले कॉलेज यांची भरपाई त्या उशिराच्या रकमेने होत नाही. अकाली दिलेले दान सात्त्विक नव्हे, असे सांगणाऱ्यांनी हा व्यवहार जाणला होता.

उरला प्रश्न घेणाऱ्याचा. फुकटचे साहाय्य विद्यार्थ्यास मिंधे करते, त्यापेक्षा त्याने कष्ट करून शिकावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला, तो श्रमाची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी. गरिबास अधिक राबविण्यासाठी नव्हे. दुसरा मार्ग कर्जाचा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी उभारला, त्यातून कर्जरूपाने साहाय्य देण्यात येऊ लागले. घेणाऱ्याने फेडावे आणि त्यातूनच दुसऱ्याने शिकावे, ही त्यातील कल्पना. स्वाभिमानी मनास ती रुचते. पण परदेशी शिकून मोठ्या पगारावर बसणाऱ्यास जे कर्ज हलके, तेच साध्या पदवीनंतर तुटपुंज्या नोकरीस लागणाऱ्यास जड होते. तेव्हा फेडीचा नियम सर्वांस सारखा लावता येत नाही.

मग घेणाऱ्यावर ऋण मुळीच नाही काय? येथे पुन्हा परळच्या त्या विद्यार्थ्याकडे पाहावे. १९१३ साली अमेरिकेस जाताना आंबेडकरांनी बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. मुदत संपताच १९१७ साली ते परतले आणि शब्द पाळण्यासाठी बडोद्यास गेले. तेथे त्यांस राहावयास घर मिळेना; अस्पृश्य म्हणून त्यांस बिऱ्हाडातून बाहेर काढण्यात आले, आणि करार अपुरा टाकून त्यांस मुंबईस परत यावे लागले. देणाऱ्याने फेड मागितली, तर फेड करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हेही देणाऱ्याचेच कर्तव्य ठरते, हे या प्रसंगाने दाखविले. परंतु ऋण तेथे बुडाले नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले, आणि दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांस शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. दरमहा २५ रुपयांची ती फेड बडोद्याच्या खजिन्यात गेली नाही. ती पुढच्या पिढीच्या पदरात पडली.

आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग असाच सांगितला आहे. ते ऋण ऋषींस परत द्यावयाचे नसते. अध्ययन करून ते पुढे चालवावयाचे असते. शिष्यवृत्ती ही त्याच जातीची वस्तू आहे. ती भीक नव्हे, म्हणून घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ती लूटही नव्हे, म्हणून गरज नसता केवळ नियमात बसते यास्तव घेणे शोभत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम मोजकी असते. आपण घेतलेला वाटा कोणा तरी अनोळखी मुलाच्या ताटातला असू शकतो.

म्हणून ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, त्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वी नियमपत्रिकेत नसलेला एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे साहाय्य न मिळाले, तर आमच्या मुलाचे शिक्षण थांबेल काय? उत्तर 'होय' असेल, तर ते निःसंकोच घ्यावे आणि विलंब झाल्यास हक्काने मागावे. उत्तर 'नाही' असेल, तर कायदा पात्र म्हणो, आपण अपात्र आहो असे समजावे. आणि ज्यांचे शिक्षण एके काळी दुसऱ्याच्या पैशावर झाले, अशांनी आपल्याच चाळीतील, आपल्याच वाडीतील एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क वेळेवर भरावे. कागदास न दिसणारी गरज शेजाऱ्यास दिसते. कचेरीस डोळे फुटेपर्यंत शेजाऱ्यांनी आपले डोळे मिटू नयेत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.