विरोधकाची खुर्ची

१९७७ च्या मार्चमध्ये केंद्रात जनता पक्षाचं सरकार आलं. मोरारजी देसाई, वाजपेयी, अडवाणी, मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस ही सगळी आणीबाणीत तुरुंग भोगून आलेली माणसं. त्याच वर्षी या सरकारने विरोधी पक्षनेत्याला पगार, घर आणि मंत्र्याच्या तोडीच्या सोयी देणारा कायदा केला. त्या वर्षी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण, आणीबाणीच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. ज्या सरकारने आपल्याला गजाआड टाकलं त्यातल्याच एकाला मानाची खुर्ची देण्यात भाबडेपणा नव्हता. विरोधकाचं तोंड बंद केलं की काय होतं, हे सोसलेल्यांनी त्याची जागा कायद्याने पक्की केली.

ही समज माणसाला फार उशिरा आली. सत्तेला विरोध म्हणजे फितुरी, हाच इतिहासातला बहुतेक काळचा नियम. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनाही पक्ष नको होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वैराविरुद्ध कळकळीने बजावलं. दोनच वर्षांत राजद्रोहाचा कायदा आला आणि विरोधी वृत्तपत्रांचे संपादक तुरुंगात गेले. मग १८०० ची निवडणूक सत्ताधारी हरले. मार्च १८०१ मध्ये नवे अध्यक्ष जेफरसन यांच्या शपथविधीला मावळते अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स थांबले नाहीत, पहाटेच राजधानीतून निघून गेले. मनात कडवटपणा होता, पण सत्ता सोडली. हरलेल्याने निकाल मानायचा आणि जिंकलेल्याने त्याला पुन्हा लढू द्यायचं, हा पायंडा तिथे पडला.

ब्रिटनमध्ये १८२६ साली एका खासदाराने 'महाराजांचा विरोधी पक्ष' असा शब्दप्रयोग गमतीने केला. शंभर वर्षांत त्यातली गंमत गेली आणि पद उरलं. कॅनडाने १९०५ मध्ये आणि ब्रिटनने १९३७ मध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार सुरू केला.

आज अमेरिकेत दोन पक्षांमधल्या दरीची तक्रार होते, पण गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या राज्यशास्त्रज्ञांची तक्रार नेमकी उलटी होती. १९५० मध्ये त्यांच्या संघटनेच्या एका समितीने अहवाल दिला, त्याचा रोख असा की दोन्ही पक्षांत पुरेसा फरक नाही, मतदाराला खरी निवडच मिळत नाही. त्यात तथ्य होतं. त्या काळच्या सलोख्याची किंमत दक्षिणेतले कृष्णवर्णीय मोजत होते. त्यांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं आणि दोन्ही पक्षांतली वजनदार माणसं त्याकडे काणाडोळा करत होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांनी तो सलोखा मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता. म्हणून ध्रुवीकरणाला नावं ठेवताना जुन्या एकोप्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

पुढच्या दशकांत वंश, धर्म, प्रदेश, शहर आणि खेडं या सगळ्या ओळखी हळूहळू एकेका पक्षामागे जाऊन उभ्या राहिल्या. पूर्वी एकाच चर्चमध्ये, एकाच कामगार संघटनेत दोन्ही पक्षांची माणसं भेटत. आता पक्ष कळला की शेजार, प्रार्थना आणि वाहिनी यांचाही अंदाज बांधता येऊ लागला. सोयरिकीबद्दलचे आकडे बोलके आहेत. आपलं मूल दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न करणार असेल तर वाईट वाटेल, असं १९६० च्या पाहणीत सुमारे पाच टक्के लोक म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश नाराजी बोलून दाखवत होते. धोरणांवरचं भांडण माणसांवरच्या रागात उतरलं होतं.

या रागाने लोकशाही कशी पोखरली जाते? दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातली आणि लॅटिन अमेरिकेतली लोकशाही कशी कोसळली, याचा अभ्यास केलेल्या हुआन लिंझ यांनी १९७८ मध्ये बोट ठेवलं ते उघड शत्रूंपेक्षा काठावरच्या नेत्यांवर. हे नेते स्वतः नियम मोडत नाहीत, पण आपल्या बाजूच्या कुणी मोडला तर त्याला पाठीशी घालतात. मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलन स्वोलिक यांनी २०२० मध्ये अमेरिकी मतदारांवर प्रयोग करून तेच दाखवलं. लोकशाही सगळ्यांनाच हवी असते, मात्र ती धाब्यावर बसवणाऱ्या स्वपक्षाच्या उमेदवाराला नाकारणारे थोडेच निघतात. समोरचा सत्तेवर आला तर देश बुडेल, असं मनात बसलं की आपल्या माणसाचे गुन्हे क्षम्य वाटू लागतात. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीचा निकाल अमान्य असलेला जमाव वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये घुसला, तो याच समजुतीने.

चिलीने याची किंमत मोजली. १९७० मध्ये समाजवादी साल्वादोर अयेंदे यांना ३७ टक्क्यांहून कमी मतं होती. संसदेत ख्रिश्चन डेमोक्रॅटांनी साथ दिली म्हणून ते अध्यक्ष झाले. तीन वर्षांत दोघांमधून विस्तव जाईना. ऑगस्ट १९७३ मध्ये त्याच पक्षाचे अध्यक्ष पात्रिसियो आयल्विन आणि अयेंदे एका कार्डिनलच्या घरी भेटले, पण बोलणी फिसकटली. ११ सप्टेंबरला लष्कराने सत्ता घेतली आणि दोन्ही पक्षांवर गदा आली.

शेवटी १९८८ च्या सार्वमतात हेच दोन पक्ष एकत्र उभे राहिले आणि लष्करी हुकूमशहा पिनोशे हरले. १९९० मध्ये आयल्विन अध्यक्ष झाले, त्यांच्या मंत्रिमंडळात समाजवादी मंत्री होते. त्याच वर्षी, १९७३ च्या उठावात मरण पावलेल्या अयेंदे यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तिथे बोलताना आयल्विन यांनी आपण अयेंदे यांचे कट्टर विरोधक होतो हे लपवलं नाही. तशीच परिस्थिती पुन्हा आली तर पुन्हा विरोधच करू, असंही ते म्हणाले. मतभेद मिटले नव्हते, ते उघडपणे मांडायची सोय परत मिळाली होती. तोवर चिलीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली होती किंवा बेपत्ता झाली होती.