धमनीचे चित्र आणि जीवाचे स्वरूप

देहाच्या आत जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याविषयी किती ठामपणे बोलावे, हा भारतीय दर्शनांचा जुना प्रश्न असून जयपूरमध्ये त्याची तीन अंगे एकाच शहरात नांदतात. १९४७ साली स्थापन झालेल्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात देह प्रत्यक्ष पाहून शिकवला जातो. १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था सुश्रुताचा वारसा सांगते. आणि अठराव्या शतकात पंडित टोडरमल यांनी याच शहरात ढुंढारी भाषेत ‘मोक्षमार्गप्रकाशक’ हा जैन तत्त्वविचाराचा ग्रंथ लिहायला घेतला, जो अपूर्णच राहिला.

सुश्रुताच्या शारीरस्थानात शवच्छेदनाची रीत तपशिलाने दिली आहे. गवतात गुंडाळलेले शव पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावे आणि सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचल्याने हलकेच घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे सांगून झाल्यावर तो लगेच बजावतो की देहातील परम सूक्ष्म तत्त्व मात्र या डोळ्यांना दिसणारे नाही, ते ज्ञानाच्या आणि तपाच्या दृष्टीलाच गोचर होते. प्रत्यक्षाचा एवढा आग्रह धरणाऱ्यानेच प्रत्यक्षाची सीमाही आखावी, ही या विवेचनाची थोरवी होय.

१९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण चित्र मिळवले, तेव्हा ही सीमा पुष्कळ पुढे सरकली. रक्त आणि भोवतालचे मांस क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, म्हणून धमनी एरवी वेगळी उठून दिसत नाही. त्यासाठी मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी सरकवून आयोडीनयुक्त द्रव सोडतात, कारण ५३ अणुक्रमांकाचे आयोडीन हे किरण अधिक शोषून घेते. डिजिटल पद्धतीत द्रव सोडण्यापूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा केले जाते, तेव्हा कवटीची हाडे पुसली जातात आणि अंतर्ग्रीवा धमनी मेंदूच्या तळाशी पुढच्या व मधल्या शाखांत विभागताना स्वच्छ दिसते. रुग्णाने मान जरा हलवली तरी वजाबाकी बिघडते.

तरीही या चित्रात उमटते ती धमनी नव्हे, तिच्या पोकळीत भरलेल्या द्रवाची आकृती. हृदयाच्या धमन्यांमध्ये मेदाचा थर साचू लागला की धमनी प्रथम बाहेरच्या बाजूने फुगते आणि पोकळी बराच काळ रुंदच राहते, हे सिमोर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे चित्र निर्मळ असतानाही भिंतीत रोग असू शकतो. जेथे रूपवान वस्तूही अशी निसटते, तेथे चित्रात जीव आढळला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणणे तर्काला सोडून आहे. मात्र दृष्टीची ही मर्यादा दाखवल्याने जीवाचे अस्तित्व सिद्ध झाले, असे समजणेही तितकेच सदोष आहे.

जैन मतानुसार जीव संपूर्ण देह व्यापून असतो, पण तो अमूर्त असल्याने त्याला रंग, गंध, रस आणि स्पर्श नाहीत. धमनी, रक्त आणि आयोडीन हे मात्र पुद्गल, म्हणजे मूर्त द्रव्य. वस्तूचे निजस्वरूप सांगणारी दृष्टी तो निश्चयनय आणि दुसऱ्या वस्तूच्या संबंधाने तिची ओळख करून देणारी दृष्टी तो व्यवहारनय. घडा मातीचा असूनही त्याला तुपाचा घडा म्हणणे, हे परंपरेतले त्याचे उदाहरण. वाट रक्ताची आणि खूण आयोडीनची, म्हणून धमनीचे चित्रही व्यवहाराच्याच कोटीतले ठरते.

टोडरमल यांचे मोठेपण असे की त्यांनी केवळ व्यवहाराला चिकटणाऱ्यांप्रमाणेच निश्चयाचे नाव घेऊन व्यवहार टाकणाऱ्यांनाही चुकलेले ठरवले. त्यांची ही कसोटी आजच्या रुग्णालयालाही लावता येते. चित्रातील अरुंद रेघ म्हणजेच समोरचा माणूस असे मानणारा वैद्य पहिली चूक करतो, आणि देह म्हणजे मी नव्हे, असे म्हणून उपचार नाकारणारा मुमुक्षू दुसरी. स्वरूपाचा विचार करण्यासाठीही मनुष्यदेह टिकावा लागतो, आणि तो टिकवण्यासाठी आयोडीनने दाखवलेली वाट मनापासून स्वीकारावी लागते. ती स्वीकारताना रुग्ण त्या चित्राहून मोठा आहे हे भान राखणे, हे वैद्याचे आणि मुमुक्षूचे समान कर्तव्य आहे.