स्वदेशीचा शिक्का

‘स्वदेशी एआय’ हा शिक्का हल्ली कशावरही बसतो. संगणक क्लासच्या फलकावर, नेत्याच्या भाषणात, एवढेच काय, परदेशी मॉडेलला मराठी मुखवटा चढवून विकलेल्या चॅटबॉटवरसुद्धा. शिक्का मारणाऱ्यांचा सूर एकच: सगळे आपलेच, बाहेरचे काही नको. संगणकाच्या बाबतीत या देशात हे कधीच खरे नव्हते, आणि नव्हते तेच बरे झाले.

पवईची आयआयटी 1958 साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथे ‘मिन्स्क’ संगणक आला तोही तिकडूनच. कानपूरच्या आयआयटीला अमेरिकेने हात दिला; आपण दोन्ही हात धरले. सत्तरच्या दशकात टीसीएसला अमेरिकी बरोज कंपनीचा संगणक आणू दिला, पण सॉफ्टवेअर निर्यात करण्याच्या अटीवर. अंधेरीत 1973 साली उभे राहिलेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र याच हिशेबाचे: माल बाहेरून येईल, घाम इथला गाळायचा, डॉलर आणायचे. आजही सकाळी अंधेरी स्टेशनाबाहेर ‘सीप्झ, सीप्झ’ अशी हाळी देत शेअर रिक्षा भरतात.

इथवर फारसा वाद नाही. घोळ होतो ‘परम’पाशी.

अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, मग पुण्यात सी-डॅकने 1991 साली ‘परम 8000’ घडवला, ही कथा कीर्तनासारखी रंगवली जाते. त्यातला निम्मा भाग गाळून. बेंगळुरूसाठी मागितलेला मोठा क्रे मिळाला नाही हे खरे; पण हवामानाच्या अंदाजासाठी धाकटा क्रे दिल्लीत आलाच, वापरावरच्या बंधनांसह. आणि ‘परम’च्या पोटात होते ट्रान्सप्युटर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे. सी-डॅकचे तेव्हाचे प्रमुख विजय भटकर यांच्या चमूने चिप बनवली नाही. साध्या, बाजारात मिळणाऱ्या चिप एकमेकींना जोडून एकाच गणिताचे तुकडे एकाच वेळी सोडवून घेण्याची जुळणी बसवली. यात कमीपणा कसला? स्वदेशी होती ती जुळणी, आणि ती जमवणारी माणसे. ‘परम’ पुढे मॉस्कोलाही गेला. मिन्स्कची परतफेडच म्हणायची!

अलीकडची नाकेबंदीही चिपचीच होती. जानेवारी 2025मध्ये बायडन सरकारने एआय चिपच्या निर्यातीसाठी विश्वासातल्या 18 देशांची यादी केली, तीत भारत नव्हता. मे महिन्यात ट्रम्प सरकारने तो नियम गुंडाळला. उद्या दुसरा येईल. आपल्या 10,372 कोटींच्या इंडियाएआय मिशनमधली बहुतेक प्रोसेसर कार्डे एनव्हिडियाची, म्हणजे आखणी कॅलिफोर्नियात आणि घडण तैवानमध्ये. ती घेऊ नयेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. विचारायचे ते एवढेच, की त्यांच्यावर आपण काय चढवतो.

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने चाललेल्या ‘भारतजेन’ प्रकल्पाचे 290 कोटी पॅरामीटरचे मॉडेल 2025मध्ये आले. नाव जुन्या ओळखीचे, ‘परम-1’. पुढाकार पवईचा. त्याच्या भाषा दोन: इंग्रजी आणि हिंदी.