उशिराचा अपराध

उशीर हा अपराध आहे काय? हा प्रश्न एखाद्या शाळामास्तराला विचारा. तो क्षणाचाही विलंब न लावता 'होय' म्हणेल. मी तर आजवर तसे म्हणतच आलो. गेली वीसएक वर्षे एका खाजगी संस्थेच्या लहानशा शाळेत मी मुलांना मराठी शिकवतो. स्वतः दहावीच्या पुढे गेलो नाही. म्हणूनच की काय, शिस्तीचा मला जरा जास्तच सोस. घंटा झाली, प्रार्थना संपली, की माझ्या वर्गाचे दार म्हणजे गडाचा दरवाजा. रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट मी दरवर्षी मुलांना रंगवून सांगतो. तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीचे कौतुक करताना माझा गळा दाटून येतो. पण ती गोष्ट सांगणारा मी रोज सकाळी मात्र दार लावून घेणाऱ्या पहारेकऱ्यांच्या रांगेत उभा असतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले गेल्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या एका विमानतळावर.

माझा धाकटा मेव्हणा न्यू जर्सीत एडिसनला असतो. बहिणीने एकदा तरी यावे म्हणून त्याने तिकिटे काढून दिली आणि शाळेची उन्हाळी सुटी गाठून आम्ही दोघे गेलो. 'ताई, तुला काय बघायचंय?' असे त्याने विचारले, तेव्हा हिने न्यूयॉर्कचे नाव घेतले नाही, की नायगाराचे घेतले नाही. ती म्हणाली, "ते डिस्नेचं गाव." मी चपापलोच. आम्हांला मूलबाळ नाही. मुलांच्या त्या जत्रेत आपण दोन प्रौढ माणसे काय करणार, असे मी विचारले. "मुलं नाहीत म्हणून जत्रेलाच जायचं नाही का?" ती म्हणाली. या प्रश्नाला उत्तर नव्हते. मेव्हण्याने फ्लॉरिडातल्या ऑरलँडोची दोन विमान-तिकिटे काढली, आणि बागेचीही काढली: पोचायच्या संध्याकाळचे एक आणि दुसऱ्या दिवसाचे एक. संध्याकाळी तिथल्या राजवाड्यावर आतषबाजी होते; ती हिला पाहायची होती.

न्यूअर्कहून ऑरलँडो सुमारे दीड हजार किलोमीटर. विमानाला तीन तासही लागत नाहीत. दुपारी एकला निघायचे, चारला उतरायचे, दिवे लागायच्या आत बागेत. हिने दशम्या आणि तिळाची चटणी बांधून घेतली होती. आम्ही दहालाच विमानतळावर हजर. मास्तर उशिरा कसा जाईल?

साडेबाराला फलकावरची वेळ बदलली आणि एकचे सव्वादोन झाले. मग सव्वादोनचे चार झाले आणि चारचे सहा. प्रत्येक वेळी पाऊण तास आधी आशा दाखवायची आणि मग ती पुढे ढकलायची, असा तो खेळ चालला होता. सगळा वेळ एकदम सांगून टाकला असता तर माणूस निदान निराश होऊन झोपला असता. आमच्याभोवती उंदराच्या कानांच्या टोप्या घातलेली पोरे होती. त्यांनी पहिला तासभर रड काढली आणि मग गालिच्यावरच्या चौकटींत लंगडी सुरू केली. मोठ्यांना मात्र लंगडी सुचली नाही. आम्ही फलकाकडे बघत बसलो आणि बघता बघता तापत गेलो.

चारच्या सुमारास मी उठलो. खिडकीपाशी एक मुलगी बसली होती. असेल पंचवीस-सव्वीस वर्षांची. माझे इंग्रजी बेताचेच. पण रागाला व्याकरण लागत नाही. तुम्हांला हे आधी कळायला नको होते काय, आम्ही सात समुद्र ओलांडून आलो ते या बाकांवर बसायला काय, आमच्या बुडालेल्या तिकिटाचे पैसे कोण देणार, असे मी वर्गात बोलतो त्या आवाजात तिला विचारले. आसपासची माणसे वळून पाहू लागली. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "विमान अजून आलेलंच नाही, सर."

आणि मी जागच्या जागी थबकलो. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. पाचवीतला एक मुलगा दूरच्या वाडीवरून एस.टी.ने शाळेत येई. एके दिवशी तो दुसरा तास अर्धा झाल्यावर दारात उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होते. मी विचारले, "का उशीर झाला?" तो म्हणाला, "गाडी आलीच नाही, सर. फरशीवर पाणी होतं." मी म्हणालो, "मग आधीची गाडी धरायची." वर्ग हसला. त्याला मी तो तास संपेपर्यंत दाराबाहेर, ओल्या कपड्यांनी उभा केला. त्या वाडीला सकाळी एकच गाडी होती, हे मला नंतर शिपायाने सांगितले. मी 'असं होय' म्हणालो आणि हजेरीपट मिटला.

'का उशीर झाला?' असे आपण विचारतो, तेव्हा बहुधा तो प्रश्न नसतोच. त्याचे उत्तर आपण मनात आधीच लिहून ठेवलेले असते. समोरच्याने फक्त मान खाली घालायची असते.

मी जागेवर येऊन बसलो. हिने सगळे ऐकले होते. दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवीत ती म्हणाली, "तुमचा राग ढगांवर, आणि ऐकून घेतेय ती बिचारी."

ढगांवर, हे अक्षरशः खरे होते. मेव्हण्याने फोनवर मला तिथल्या पावसाचे सारे गणित समजावून सांगितले. फ्लॉरिडाचा दांडा एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचे आखात यांच्यामध्ये पसरलेला आहे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत जमीन तापते, दोन्ही किनाऱ्यांवरून दमट वारे आत शिरतात आणि मधल्या भूमीवर एकमेकांना भिडून उंच उसळतात. मग गडगडाट सुरू होतो. ऑरलँडो नेमके मध्यावर. धावपट्टीजवळ विजा पडू लागल्या की सामान चढवणारे, इंधन भरणारे कामगार उघड्यावरून आत बोलावले जातात. कोणतेही विमान हलत नाही. आणि तिकडे जाणारी विमाने आकाशात घिरट्या घालीत ठेवण्यापेक्षा निघायच्या जागीच थांबवून धरतात. आमचे विमान तिकडूनच यायचे होते. म्हणजे माझी संध्याकाळ कोणी बुडवली? तापलेल्या वाळूने? दमट वाऱ्याने?

माणसाच्या रागाची अडचण अशी आहे की त्याला चेहरा लागतो. कारणांना चेहरा नसतो. वाऱ्याला जाब विचारता येत नाही, ओढ्याच्या पुराला बाकावर उभे करता येत नाही. म्हणून आपण कारणांच्या साखळीतला सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुबळा दुवा पकडतो. कधी तो खिडकीतली मुलगी असते, कधी एस.टी.चा कंडक्टर, कधी दारात निथळणारे पोर. ज्याच्यापर्यंत आपला हात पोचतो तोच आपल्याला अपराधी वाटतो.

मी हे सारे हिला सांगितले. त्या मुलाची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हसून म्हणाली, "लग्न झालं तेव्हा वर्षभरात महाबळेश्वरला न्यायचं म्हणाला होतात. एकोणीस वर्षं झाली. मी कुठल्या खिडकीवर जाऊन ओरडायचं?"

ती हसली म्हणून मीही हसलो. पण तो घास मला नीट गिळवला नाही. दर मे महिन्यात मी कादंबरी लिहायला बसत असे. 'पुढच्या सुटीत नक्की,' असे म्हणत असे. महाबळेश्वरच्या वाटेवर विजा पडत नव्हत्या. रस्ता होता, गाड्या होत्या, बेताचे का होईना पैसे होते. नव्हता तो फक्त मी. पाच तासांच्या उशिराबद्दल परक्या मुलीवर ओरडणारा मी स्वतः एकोणीस वर्षे उशिरा धावत होतो, आणि माझ्या फलकावर वेळ बदलल्याची साधी सूचनाही लागत नव्हती.

सहाला विमान आले. टाळ्या झाल्या. आणि साताला कळले की वैमानिकांचे तास संपले आहेत. आता दुसरे वैमानिक येईपर्यंत थांबायचे. मग मात्र जमाव खवळला. 'अजून तीन तास चालवायला काय होतं त्याला?' असे एक गृहस्थ ओरडले. त्या देशात वैमानिकाने एका दमात किती वेळ कामावर राहायचे याचे सक्त नियम आहेत. साध्या दोन वैमानिकांच्या विमानावर ही मर्यादा, दिवस किती वाजता सुरू झाला आणि किती उड्डाणे करायची यांवरून, नऊपासून चौदा तासांपर्यंत असते. हे नियम 2014 सालापासून लागू झाले. त्यामागे एक दुःखद घटना आहे. 2009 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ एक विमान एका घरावर कोसळले आणि पन्नास माणसे गेली. वैमानिकांच्या हातून चूक झाली होती, आणि चौकशीत त्यांच्या थकव्याचाही प्रश्न पुढे आला. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि कायदा बदलायला लावला. म्हणजे आमचा तो दोन तासांचा उशीर कोणाच्या तरी आसवांनी लिहिलेला होता. असा उशीर हा अपराध नव्हे. ते कर्तव्य आहे. वेळेवर निघण्यासाठी त्या थकलेल्या माणसाने 'चला, नेतो' म्हटले असते, तर अपराध तो ठरला असता.

तेव्हा उशिरांतही जाती आहेत. एक उशीर परिस्थितीचा. त्याला क्षमाही लागत नाही, कारण तिथे गुन्हाच नाही. दुसरा काळजीचा, सावधपणाचा. त्याचे आभार मानावेत. तिसरा मात्र आळसाचा, बेपर्वाईचा, 'आपले माणूस थांबेल' या खात्रीचा. अपराध म्हणावा असा हा एकच. आणि गंमत अशी की याच उशिराबद्दल आपल्याला कोणी जाब विचारीत नाही. परक्याला आपण पाच तास माफ करीत नाही. आपले माणूस आपल्याला एकोणीस वर्षे माफ करते.

पण त्याने माफ केले म्हणून हिशेब मिटतो काय? मला तसे वाटत नाही. क्षमा हा क्षमा करणाराचा मोठेपणा आहे. त्याने ऋण फिटत नाही. उलट ते वाढते.

कोणी म्हणेल, मग शिस्त सोडून द्यायची काय? मुळीच नाही. वेळेवर येणे हा दुसऱ्याच्या आयुष्याचा मान राखणे आहे, असे मी आजही मुलांना शिकवतो. पण शिक्षेच्या आधी प्रश्न असावा, आणि तो खरोखरीचा प्रश्न असावा, एवढेच मला आता कळते.

त्या मुलीची माफी मागावी म्हणून मी उठलो. खिडकीवर दुसरेच कोणी होते. तिची पाळी संपून ती घरी गेली होती. माफीलाही उशीर होतो, तो असा.

विमान नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटले. मध्यरात्री ऑरलँडोला उतरलो तेव्हा आभाळ स्वच्छ होते आणि आतषबाजी कधीच संपली होती. ही एवढेच म्हणाली, "दिवाळीत बघू आपल्याकडची."

दुसऱ्या दिवशी नावेतून तळे ओलांडून बागेत गेलो. राजवाड्यासमोर वॉल्ट डिस्ने उंदराचा हात धरून उभा आहे. ही बाग उघडली 1 ऑक्टोबर 1971 ला. पण जिच्या कल्पनेत तो रमला होता ती बाग पाहायला तो राहिला नाही. 1966 च्या डिसेंबरात तो गेला. तेव्हा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला भाऊ रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, बाग पुरी केली, तिला धाकट्याचे नाव दिले आणि उघडल्यावर तीन महिन्यांच्या आतच तोही गेला. दाराजवळच्या चौकात त्याचा पुतळा आहे. तो उभा नाही. एका बाकावर बसलेला आहे. हिला तो पुतळा फार आवडला. "याचं कसं झालं," ती म्हणाली, "स्वतःची विश्रांती लांबणीवर टाकली, पण भावाचं काम नाही टाकलं." माणूस काय पुढे ढकलतो यावरून त्याची परीक्षा करावी, असे मला त्या बाकापाशी वाटले. मी आजवर काय ढकलत आलो होतो, ते तर आदल्या दिवशीच उघड झाले होते.

परत आलो तो शाळा उघडायचीच वेळ. जूनचा तिसरा आठवडा. पाऊस कोसळत होता. तास सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. दप्तर पोटाशी धरलेले, डोळे जमिनीवर. वर्ग माझ्याकडे पाहू लागला. माझ्या जिभेवर जुने वाक्य आलेच होते. मी ते आवरले आणि म्हणालो, "ये, बस. फार भिजलीस का?"

पाचवीतला तो मुलगा मला अजून भेटलेला नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. पुण्याकडे मामाकडे राहतो असे वाडीवरची माणसे सांगतात. या दिवाळीत तो घरी येणार आहे म्हणे. भाऊबीज झाली की त्या एकाच सकाळच्या गाडीची उलट फेरी धरून मी वाडीवर जायचे ठरवले आहे. फराळाचा डबा ही देणार आहे. त्यानंतर आम्ही दोघे महाबळेश्वरला जाणार आहोत. तिकिटे या वेळी मी आधीच काढून तिच्या हाती दिली आहेत.