मेलेल्या ड्रायव्हरची अब्रू
मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं आमची आजी म्हणायची. गाऊ नये, असं मात्र म्हणाली नव्हती.

केसी जोन्स हा अमेरिकेतला इंजिन ड्रायव्हर. ३० एप्रिल १९०० च्या पहाटे, मिसिसिपीतल्या व्हॉन गावी, समोर रुळावर मालगाडीचे डबे! फायरमनला ‘उडी मार’ म्हणाला, स्वतः ब्रेक धरून राहिला. मेला तो एकटाच. उशीर भरून काढायला गाडी दामटली होती, हेही खरंच. इंजिनं पुसणाऱ्या वॉलेस साँडर्सनं त्याच्यावर गाणं रचलं. पुढं १९७० साली ‘ग्रेटफुल डेड’ मंडळींनी नव्या गाण्यात त्याला चक्क कोकेन पाजलं! बिचारा अब्रूनुकसानीचा दावा कुठं लावणार?

चाल मात्र बेटी झकास. दाढी करताना मीही गुणगुणतो. परवा आरशातल्या इसमानं विचारलं, “तो तुमचा बाप असता तर?”

गुणगुणणं थांबवलं. शब्द नकोत म्हणून आता शिट्टीवर वाजवतो.