सत्ता हाती आल्यावर

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हाती सत्ता देऊन बघा, हे वाक्य आपल्याकडे भाषणांतून लिंकनच्या नावावर खपतं. खरं तर ते लिंकनविषयी बोलताना रॉबर्ट इंगरसॉल या अमेरिकी वक्त्याने मांडलं होतं. विचाराचं मूळ मात्र कितीतरी जुनं आहे. अधिकारपदावर बसला की माणूस कळतो, हे प्रियेनीच्या बायस या ग्रीक ज्ञान्याचं मत ॲरिस्टॉटलने नोंदवलं, आणि तेही न्यायाची चर्चा करताना. स्वतःपुरतं सज्जन राहणं पुष्कळांना जमतं. अधिकाऱ्याचा संबंध सतत दुसऱ्यांशी येतो, म्हणून कस तिथे लागतो. प्लेटोच्या ग्रंथातली अदृश्य करणारी अंगठीही हेच विचारते: पकडलं जाण्याची भीती गेली, तर कोण कसा वागेल?

या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. खरा स्वभाव आत तयारच असतो, सत्ता फक्त पडदा बाजूला सारते.

कौटिल्य मला इथे अधिक सावध वाटतो. अमात्याची पारख करायला तो धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार परीक्षा सांगतो. धर्माची परीक्षा पाहा. राजाने पुरोहिताला पदावरून काढल्याचं नाटक करायचं. मग पुरोहिताने गुप्तहेरांकरवी एकेका अमात्याला विचारायचं, ‘राजा अधर्मी आहे, दुसरा कुणी गादीवर बसवू. बाकी सगळ्यांना पटलंय, तुमचं काय?’ जो नाही म्हणेल तो शुद्ध; त्याला न्यायदानाचं काम द्यायचं. पण लगेच कौटिल्य बजावतो की निर्मळ माणसाला अशा परीक्षेने नासवू नये, कारण एकदा ढळलेलं मन पुन्हा ताळ्यावर येईलच असं नाही. म्हणजे मोहाने माणूस नुसता कळत नाही, बदलतोही.

1887 मध्ये इतिहासकार लॉर्ड ॲक्टनने पुढे बिशप झालेल्या क्रायटनला लिहिलेल्या पत्रात हा बदलच मुख्य मुद्दा झाला. सत्तेचा कल माणूस बिघडवण्याकडे असतो, म्हणून पोप आणि राजे यांना सवलतीचं माप लावू नका, उलट अधिक कडक लावा, असा त्याचा आग्रह होता. तो मला पूर्णपणे पटतो. तरी सत्तेने माणूस घडतो तो फक्त वाईटाकडेच का, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मला कोल्हापूरचे शाहू महाराज आठवतात.

1894 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. पुढे पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने त्यांना शूद्र ठरवून त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला हा अपमान केवढा झोंबला असेल! महाराजांनी राजघराण्याच्या पुरोहितांचं, राजोपाध्यांचं, वतन जप्त केलं. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांच्या दरबारात कुणी बोट दाखवलं नसतं, आणि आज आपण त्याला सूड म्हटलं असतं. पण 26 जुलै 1902 च्या आदेशाने त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. स्वतःला बसलेला चटका दुसऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या बसतो आहे, हे त्यांना दिसलं. गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसाला त्यांनी हॉटेल काढायला मदत केली, भर रस्त्यावर तिथला चहा स्वतः घेतला आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. हुकूम काढणं राजाला सोपं असतं. तो कप चारचौघांत ओठाला लावणं वेगळं.

हे शाहू 1894 च्या तरुण राजात आधीच दडलेले होते, असं मला म्हणवत नाही. अपमान, अधिकार आणि रोजचे निर्णय यांतून ते घडत गेले. मार्च 1920 मध्ये माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत, डॉ. आंबेडकर अध्यक्ष असताना, त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, त्याच्या मागे जा.